जुन्या घराच्या सागवानाचं भिंतीवरचं पुस्तकांचं शेल्फ: तुळई चिरायची का, भिंत पेलेल का?

पेठकर
कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं वडिलोपार्जित घर उतरवलं. वाटणीला आलेलं लाकूड असं:

तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, १४ फळ्या, प्रत्येकी ६ फूट लांब, ७ ते साडेसात इंच रुंद, जाडी इंचभर. एका अंगाला काजळी, दुसऱ्या अंगाला माती.
दोन तुळया, ५ × ६ इंच, ८ फूट.
एक दरवाजा चौकटीसकट. हिरवा ऑइल पेंट, निदान तीन थर. चौकट ३ × ४ इंचाची.
पाच-सहा वासे, हे सागाचे वाटत नाहीत.

यातून फ्लॅटच्या हॉलमध्ये ५ फूट रुंद, ४ फूट उंच, जमिनीला न टेकणारं शेल्फ करायचं आहे. पुस्तकं साडेतीनशेच्या आसपास, बहुतेक कादंबऱ्या आणि कथासंग्रह, थोडे शब्दकोश. भिंत ६ इंची एएसी ब्लॉकची (हवेच्या बुडबुड्यांचा हलका सिमेंटचा ब्लॉक) आहे, पलीकडे बेडरूम.

प्रश्न चार. तुळई चिरून फळ्या काढाव्यात का? फळ्या जोडून १० इंच खोली करावी का? भिंत हे वजन पेलेल का? आणि शेवटी तेल की पॉलिश?

भुईनळा
पाचवा प्रश्न राहिला. शेल्फ झाल्यावर त्यावर पुस्तकं राहणार की औषधांचे डबे आणि चार्जर?

पटाशी
पेठकर, आधी लाकडाचं बोलू. तक्तपोशीच्या वरच्या अंगाला जी माती आहे ती नुसती धूळ नाही. फळ्यांवर मातीचा थर दाबून वरची जमीन करायचे, त्यातले वाळूचे कण लाकडाच्या रेषांत रुतून बसलेले असतात. तसाच रंधा मारलात तर दोन फळ्यांत पातं बोथट. म्हणून पहिलं काम ब्रशचं. पितळी तारेचा ब्रश, रेषेच्या दिशेने, कोरडाच. पाण्याने धुऊ नका, मातीचा चिखल होऊन आणखी आत जातो.

दुसरं काम खिळ्यांचं. जुने चौकोनी लोखंडी खिळे वरून पकडीने ओढले की टोपी तुटते आणि दांडा आत राहतो. टोक मागून बाहेर आलेलं असेल तर ते सरळ करून मागूनच पंचने ठोका, टोपी वर उचलली की मग पकड लावा. अडकलेल्या खिळ्याभोवती पोकळ पाइपाच्या दातेरी तुकड्याने गोल कापून तो लाकडाच्या बुचासकट काढता येतो. भोकात सागाचीच गुल्ली रेषा जुळवून बसवा, नाहीतर तसंच सोडा. काळं वर्तुळ असलेलं खिळ्याचं भोक जुन्या लाकडाला शोभतं.

काळा डाग नकोच असेल तर ऑक्झॅलिक ॲसिड. लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम, ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, मग दोनदा स्वच्छ पाण्याने पुसायचं. विषारी आहे, हातमोजे घाला. वाळलेली पूड पॉलिश पेपरने उडवू नका.

उद्यमनगर_लेथ
सॉ मिलमध्ये नेण्याआधी एक गोष्ट. घराचं जुनं लाकूड म्हटलं की मिलवाला आधी मान हलवतो, कारण एक खिळा म्हणजे बँडसॉचं पातं गेलं. पात्याचा खर्च कुणाचा हे आधीच बोलून घ्या.

खिळे शोधायला जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून अर्ध्या इंचावर फिरवा. वरवरचे खिळे त्याला कळतात. खोल मोडलेले कळत नाहीत, त्यासाठी हातातला मेटल डिटेक्टर लागतो. सगळ्या फळ्या, चारी बाजूंनी, आणि सापडलेल्या प्रत्येक जागी खडूची फुली. मशिन प्लेनरच्या पात्याला खिळ्याने एक दात पडला तर पुढच्या प्रत्येक फळीवर तेवढी एक उंच रेघ उमटत राहते. ती मग हाताने घासत बसा.

चिरफाळी
तुळई चिराच. ५ इंच म्हणजे १२७ मिमी. २० मिमी तयार फळीला रंध्याचे ५ आणि करवतीचे ३ धरा, २८ झाले. एका तुळईतून चार फळ्या, जवळपास ६ इंच रुंद, ८ फूट लांब. दोन तुळयांच्या आठ. एवढं जुनं साग आज विकत घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. ते पडून ठेवण्यात काय अर्थ?

पटाशी
चिरफाळी, हिशेब बरोबर, लाकूड चुकलं. ५ × ६ ची तुळई बहुधा अख्ख्या खोडातून चौरस केलेली असते, म्हणजे गाभ्याचा मध्य तिच्या पोटात. पातळ चिरली की मधल्या दोन फळ्यांत ती रेघ येते आणि नेमकी तिथेच चीर पडते. बाजूच्या फळ्या वाटीसारख्या वळतात. इतकी वर्षं दाबून धरलेला ताण करवत फिरताच सुटतो. कधी कधी फळी मिलमध्येच धनुष्य होते.

शिवाय तुळई वरून खडखडीत वाटली तरी आत ओल असू शकते, भिंतीत गेलेल्या टोकांना तर हमखास. चिरायचीच तर जाड चिरा, ३० मिमीची. आडव्या फळ्यांसाठी तक्तपोशी आहेच, ती पातळ आणि पूर्ण वाळलेली आहे.

आणि तुळईची टोकं ६-६ इंच कापून टाका. भिंतीतल्या भागाला वाळवी आधी लागते.

रंकाळाकाठ
आमच्याकडं एक म्हण हाय, घर मोडलं तरी तुळई मोडू नये. (म्हण आत्ताच तयार केली. पण पटत्या का न्हाई?)

वाचनवेडी
१० इंच खोली कशाला? बहुतेक मराठी कादंबऱ्या डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. साडेसहा इंच खोलीच्या शेल्फात त्या बसून मागे इंचभर उरतो. १० इंच केलंत तर पुढे साडेचार इंच मोकळे राहतात. तिथे धूळ बसते, मग दुसरी रांग लागते, मागची पुस्तकं दिसेनाशी होतात आणि वजन दुप्पट होतं.

तुमच्या फळ्या ७ ते साडेसात इंच आहेत. दोन्ही कडा सरळ केल्यावर साडेसहा मिळतील, जोड न लावता! शब्दकोश आणि दिवाळी अंक थोडे पुढे आले तर बिघडलं काय?

उंचीचं म्हणाल तर डेमीला १० इंच मोकळे पुरे. ४ फुटांत तीन खण १० ते साडेदहाचे आणि सगळ्यात खालचा साडेतेराचा. जाडजूड पुस्तकं खाली, म्हणजे वजनही खाली राहतं.

पेठकर
वाचनवेडीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे फळ्या जोडायचा प्रश्नच मिटला. पण मध्ये उभा आधार न देता सलग ५ फूट ठेवलं तर? मोकळं, छान दिसतं.

गुण्या
दिसतं, एक वर्ष. मग हसतं.

आकडे घ्या. पुस्तकांची भरलेली रांग मीटरला साधारण २५ किलो. फळी २० मिमी जाड, १६५ मिमी रुंद, साग. मध्ये उभी फळी असेल तर अंतर सव्वासातशे मिमीच्या आसपास. तिथे वाक येतो जेमतेम ०.८ ते ०.९ मिमी, डोळ्याला दिसत नाही. मधली उभी काढली की अंतर दुप्पट. एकसारख्या पसरलेल्या वजनाखाली वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दुपटीला सोळापट. १३ ते १४ मिमी, अर्धा इंच झाला. वर कायम वजनाखालचं लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू आणखी बसत जातं, सुरुवातीचा वाक दुप्पट होणं नवल नाही.

जाडीचं उलट. जाडी दुप्पट केली तर वाक आठवा हिस्सा. म्हणून कुणी १२ मिमीपर्यंत रंधून "नाजूक" फळ्या करा म्हणालं तर ऐकू नका. रंधताना प्रत्येक मिलिमीटर जपून काढा.

भुईनळा
गुण्याभाऊ, हाच हिशेब खाटेला लावून बघायला पाहिजे.

तिरपा_स्क्रू
भिंतीबद्दल: ब्रॅकेट न दिसणारं, लपवलेल्या सळयांचं शेल्फ करा. हल्ली सगळीकडे तेच. भिंतीत १२ मिमीच्या सळया, फळीला मागून भोकं, सरकवलं की झालं.

गुण्या
एएसीत? अजिबात नको. १० इंची फळीवर ३० किलोची रांग, तिचं वजन भिंतीपासून १२-१३ सेंटिमीटरवर लोंबतंय. ४० मिमीच्या फळीत वरची ओढ आणि खालचा दाब यांच्यातलं अंतर धरा ३ सेंमी. ३० गुणिले १२.५ भागिले ३, म्हणजे वरच्या कडेला १२५ किलोची ओढ. पुस्तकं ३० किलोची आणि भिंत उपटायला १२५ चा जोर!

आता तेच ४ फूट उंच, एकसंध पेटी केली तर बघा. पुस्तकं चार खणांत मिळून १४५, लाकूड २५, एकूण १७० किलो. मध्य भिंतीपासून साडेआठ सेंमीवर. वर-खाली अंतर ११० सेंमी. १७० गुणिले ८.५ भागिले ११०, म्हणजे वरती ओढ फक्त १३ किलो. सहापट वजन आणि दहावा हिस्सा ओढ. उंच पेटी भिंतीला उपटत नाही, ती फक्त खाली घसरू बघते. ते घसरणं थांबवलं की काम झालं.

उद्यमनगर_लेथ
गुण्याने चावी दिली. तेव्हा पेटी टांगू नका, बसवा. खाली भिंतीला एक जाड आधारपट्टी, तिच्यावर पेटीच्या उभ्या फळ्यांची बूडं टेकलेली. सगळं वजन उभ्यांतून सरळ खाली पट्टीवर उतरतं. वरच्या बाजूला नुसतं धरून ठेवायचं.

आधारपट्टीला तुळई नको. दाराच्या चौकटीची उभी बाजू ३ × ४ आणि ६ फूट लांब आहे ना, तीच घ्या. रंधून भिंतीपासून २ इंच पुढे, ३ इंच उंच.

एएसीत साधी नायलॉन गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायची नळी) फिरत राहते, कारण ब्लॉक खडूसारखा मऊ. पण पलीकडे बेडरूम आहे, ती आपल्या पथ्यावर पडली. ८ मिमीचा आटे पाडलेला रॉड आरपार घाला. भिंत १५० मिमी, दोन्हीकडचं प्लास्टर ३०, पट्टी ५०, वर दोन्ही टोकांचे वॉशर-नट, मिळून २७० मिमी धरा. मीटरच्या एका रॉडमधून तीन तुकडे. पाच लागतील, म्हणजे दोन रॉड आणा. बेडरूमच्या बाजूला प्रत्येकाला वेगळा वॉशर देण्यापेक्षा ४० × ५ ची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी सलग, पाचही भोकं पाडून. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपात कापून, भोकं पाडून मिळेल. आधारपट्टीला लावून भोकं एकदमच मारून घ्या, म्हणजे जुळतात. रेड ऑक्साइड मारायला विसरू नका.

एएसीत भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद. नुसतं फिरवा, १० मिमीचं लांब बिट. हॅमरने पलीकडचं प्लास्टर बशीएवढं उडतं. शेवटचा इंच राहिला की थांबा आणि पलीकडून पाडा. नट पाना लावून कसा, पण प्लास्टर करकरायला लागलं की तिथेच बास.

आणि त्याआधी वायरिंग बघा! स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नाही म्हणजे नाही.

तिरपा_स्क्रू
माघार घेतो. सळया फक्त काँक्रीटच्या भिंतीत, त्याही एकट्या छोट्या फळीला, असं वाचा.

जांभादगड
ज्यांची भिंत एएसीची नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ९ इंची पक्क्या विटेत १० मिमीची नायलॉन गिट्टी आणि ८० मिमी स्क्रू ठीक, पण विटेच्या पोटात, सांध्यात नाही. फुगणारा लोखंडी फास्टनर विटेच्या कडेला लावला की वीट फुटते. जांभ्यात भोकं असतात, तिथे जाळीच्या नळीत केमिकल अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होणारा मसाला). दगड-मातीच्या जुन्या भिंतीत दोन्ही तोंडं दगडाची आणि मधे नुसती भर, तिथे भिंतीवर विसंबू नका. पाय लावा आणि वरून फक्त धरा.

काजूबिया
वाशांबद्दल. चंदगड-आजऱ्याकडच्या किंवा कोकणातल्या जुन्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलेलं असू शकतं. काळपट, जाड, उन्हात चिकट होणारा थर. तो कातडीला बिब्ब्यासारखा भाजतो, आणि घासल्यावर त्याची पूड मानेवर, पापण्यांवर बसते. शंका असली तर पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि घासण्याआधी खरवडून काढा. पूड नुसती झटकू नका, पुसा.

पेठकर
वासे रंधून बघितले. सागासारखा वास नाही, बराच जड, रंग राखाडी-तपकिरी.

पटाशी
ताज्या रंधलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. टोकाला कापलं की वर्षाच्या कड्या नुसत्या डोळ्याला दिसतात. जड आणि राखाडी-तपकिरी म्हणजे ऐन (जंगलातलं एक झाड) असायची शक्यता, पण वर्णनावरून खात्री नको. तो तडकतो आणि स्क्रूला त्रास देतो. शेल्फात घालू नका, कुंड्यांच्या स्टँडला चालेल.

हिरवा_दरवाजा
दरवाजाला कोरडा पॉलिश पेपर लावू नका, ही विनंती. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) खाली ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचे तीन थर त्याच्या आधीचेच असणार. ग्राइंडरने घासलं तर ती धूळ घरभर होते, लहान मुलांना सर्वांत वाईट. पेंट रिमूव्हर लावून, थर फुगला की ओला असतानाच पत्र्याने खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, खरवड गोळा करून बांधून टाका. चौकटीलाही हेच, आधारपट्टी करण्याआधी. निम्मा थर तरी पहिल्या खेपेला सुटत नाही, दोन-तीनदा लावायची तयारी ठेवा.

सागाच्या धुळीचंही तसंच. अंगाला खाज, काहींना दमा. एन-९५ मास्क लावा, तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही.

पंचगंगा_पातळी
शुक्रवार पेठ म्हणजे २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी शिवलं होतं का? तुळया-तक्तपोशी वर असल्यानं वाचली असेल, पण चौकटीचा खालचा भाग बघा. पुरात राहिलेल्या लाकडाच्या छिद्रांत बारीक गाळ भरतो. वरून कळत नाही, रंध्याला कळतं. खालचे दीड-दोन फूट सोडून द्या.

पेठकर
पहिल्या मजल्यावरच्या दाराची चौकट आहे, पाणी तिथपर्यंत नव्हतं. मात्र तीन फळ्यांना बारीक भोकं आहेत, टाचणीच्या टोकाएवढी. कीड जिवंत आहे का कसं ओळखायचं?

पटाशी
फळी काळ्या कागदावर उभी ठेवा, हलवू नका. पंधरा दिवसांत मैद्यासारखी पूड पडली तर जिवंत. नुसतीच भोकं, कडा मळलेल्या, पूड नाही, तर बहुधा जुनी गोष्ट. भोकं कडेच्या फिकट पट्ट्यात आहेत का ते बघा. सागाचं आतलं पिवळं-तपकिरी लाकूड किडीला नकोसं असतं, बाहेरचं फिकट कच्चं लाकूड तिला खाऊ वाटतं. तुम्ही साडेसहा इंचावर येणारच आहात, तो फिकट पट्टा कापूनच टाका. अर्धी औषधफवारणी करवतीनेच होते.

उरलेल्याला बोरॅक्स आणि बोरिक पावडर, तीनास दोन, मिळून १०० ग्रॅम लिटरभर कोमट पाण्यात. रंधल्यावर, पॉलिशच्या आधी, दोन हात. नंतर आठवडाभर वाळू द्या. रॉकेल चोपडायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. पुस्तकांना वर्षभर वास येतो.

रंकाळाकाठ
कीड पुस्तकातली वाचलेली बरी, लाकडातली न्हाई. ते सोडा, हे सगळं करायचं कधी? आत्ता बाहेर धो-धो चाललाय.

चपडा
मुद्द्याचं विचारलंत. आत्ता फक्त ब्रश, खिळे आणि रचणं. फळ्या घरात आणून, मधे अर्ध्या इंचाच्या पट्ट्या घालून, एकावर एक. पट्ट्या एकाखाली एक ओळीत हव्यात, नाहीतर तिथेच वाक बसतो. भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका. पावसाळ्यात कोल्हापुरात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं, चैत्रात आवळतं. साडेसहा इंचाची फळी रुंदीत दीड मिलिमीटर इकडे-तिकडे होते. आता रंधून, घट्ट खाची मारून बसवलंत तर उन्हाळ्यात ढिलं. ओल मोजायच्या मीटरने मोजलंत तर १२ टक्क्यांच्या आसपास येऊ दे. दसऱ्यानंतर कापा.

पॉलिशचं तर पक्कंच. आषाढ-श्रावणात चपडा लाख मारली की पांढरी झाक येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ थरात अडकते. लिटरभर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. कापसाच्या बोळ्याने पातळ-पातळ सहा ते आठ हात. मधे ३२० नंबरचा पेपर हलका.

तेल आवडत असेल तर जवसाचं डबल बॉइल्ड, अगदी पातळ, दोन हात, जादा लगेच पुसून. मात्र महिनाभर पुस्तकं ठेवू नका, पानांच्या कडांना तेल लागतं. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत! जवस तेल वाळताना गरम होतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा.

माझं मत विचाराल तर शेल्फला चपडा. पुस्तकांना वास नाही, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्त होतो. पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ खरं, पण जुन्या सागावर ते प्लास्टिकचं कव्हर घातल्यासारखं दिसतं.

चिरफाळी
चपड्यावर चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ. हेही सांगा.

चपडा
पुस्तकांच्या शेल्फवर चहा ठेवणाऱ्याला वर्तुळ मिळालंच पाहिजे.

सुताराचा_भाचा
फळ्यांच्या खालून दोन-दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळून टाका, कधी वळणार नाहीत.

पटाशी
भाच्या, उलट होईल. फळी रुंदीत हलते, पट्टी लांबीत हलत नाही. दोन्ही घट्ट आवळल्या की फळी चिरते. पट्टी लावायचीच तर मधला स्क्रू घट्ट आणि कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं. इथे तर गरजच नाही. आडवी फळी उभ्यात खाच पाडून बसली की तीच तिला सरळ धरते. दोघी एकाच दिशेने फुगतात-आवळतात, भांडण नाही.

खाचेचा एक धोका. मधल्या उभीला दोन्ही अंगांनी समोरासमोर खाची येतात. ती २० मिमीची असेल आणि दोन्हीकडून ७-७ गेले तर मधे ६ उरतात. तिथेच मोडते. म्हणून उभ्या ३० मिमीच्या, खाची ८ मिमीच्या, मधे १४ शिल्लक.

सरसाच्या आधी खाच आणि फळीचं टोक थिनरच्या फडक्याने पुसा. सागाचं तेल वर आलेलं असतं, त्यावर फेविकॉल नुसता बसतो, धरत नाही. पुसल्यावर लगेच जोडा. जुनं साग टोकाला ठिसूळ, ५ मिमी स्क्रूला आधी ३ मिमी भोक, आट्यांना साबण. पितळी स्क्रू लावायचे तर आधी त्याच मापाचा लोखंडी घालून, काढून, मग पितळी. थेट पिळलात तर मान तुटते.

पेठकर
सगळ्यांचं धरून मापं काढली, तपासा.

उभ्या ३: एका तुळईचं सडकं टोक कापून ४ फुटांचा तुकडा, त्यातून ३० मिमीच्या तीन फळ्या. ३० + ५ + ३ = ३८, तीनदा ११४. १२७ मध्ये बसतं. रुंदी पावणेसहा इंच, म्हणजे आडव्या पुढे पाऊण इंच निघतील.
आडव्या १०: पाच पातळ्या, प्रत्येकी दोन तुकडे. बाहेरून ६० इंच, मोकळं अंतर २८ इंच २ सूत (८ सूत म्हणजे इंच), खाचेत जाणारं धरून प्रत्येक तुकडा २८ इंच ७ सूत. ६ फुटी फळीतून दोन निघतात, गाठी आणि खिळे टाळायला आठ फळ्या वापरेन. सहा शिल्लक.
आधारपट्टी: चौकटीची एक उभी बाजू, ४ फूट ११ इंच.
मागे फळी नाही.
दुसरी तुळई अख्खी ठेवतो.

गुण्या
मागे फळी नाही हे हवेला चांगलं, पण मग पेटी पत्त्याच्या घरासारखी कडेला झुकू शकते. वरच्या फळीच्या खाली मागच्या अंगाला अडीच इंचाची पट्टी, तिन्ही उभ्यांत खाच पाडून बसवलेली. तिचे भिंतीला तीन स्क्रू. १३ किलोचीच ओढ आहे, तिथे एएसीसाठीच्या आटेवाल्या नायलॉन गिट्ट्या पुरतील, पाकिटावर लिहिलेला भार बघून घ्या. तशीच एक पट्टी तिसऱ्या फळीखाली द्या, स्क्रू न मारता.

पटाशी
तीन उभ्यांपैकी मधल्या चिरेत गाभ्याची रेघ येईल. चीर दिसली तर ती टाका; उरलेला तुकडा ४ फूट भरत नाही, चौथी दुसऱ्या तुळईतूनच काढावी लागेल. चीर नसली तरी ती रेघ असलेली फळी कडेला लावू नका, मधेच.

वाचनवेडी
भिंत पावसाच्या अंगाची नाही ना? नैऋत्येची बाहेरची भिंत असती तर कसर आणि बुरशी पुस्तकांत आधी येते.

पेठकर
नाही, आतली भिंत. पलीकडे बेडरूमच.

उद्यमनगर_लेथ
मग बेडरूमच्या कपाटामागे एमएस पट्टी लपते का तेवढं मोजा. नट आणि रॉडचं टोक मिळून २० मिमी बाहेर येईल, कपाट तेवढं पुढे. रॉड जादा ठेवू नका, हॅक्सॉने कापून कानस मारा. नाहीतर कपाट सरकवताना पहिलं रक्त तुमचंच.

भुईनळा
आणि दुसरी तुळई? अख्खी म्हणजे कुठे, हॉलमध्ये आडवी?

पेठकर
बाल्कनीत बाक. त्याचा वेगळा धागा काढतो, दसऱ्यानंतर.